सत्तेचाळीस नंबरची हंडी

कुणाच्याही घरी चहा झाला की ते बशी उलटी करून बघायचे.

शेवटचा घोट संपला की बशी अलगद वर जायची, मान तिरकी व्हायची, चष्मा कपाळावर चढायचा, आणि बशीच्या बुडाकडे एक नजर टाकून ते ती हलकेच खाली ठेवायचे. घरच्या बाईंना वाटायचं, पाहुणे कंपनी बघताहेत. माढ्याला एका शिक्षकाच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी पाण्याने भरलेला जग डोक्याच्या वर उचलला आणि खालून पाहिला. मुलीचे वडील घाबरले. मला मांडवाच्या कोपऱ्यात नेऊन म्हणाले, "सरांच्या मानपानात काही राहिलं का हो?"

"काही नाही," मी म्हणालो, "नंबर बघताहेत."

आता हा नंबर कसला ते सांगतो. आमच्याकडे शाळांतल्या विज्ञान शिक्षकांची एक संघटना आहे. तुम्ही तिचं नाव ऐकलं नसेल, आणि ते मनाला लावून घेऊ नका, कारण आमच्या निम्म्या सभासदांनाही ती वार्षिक सभेच्या जेवणालाच आठवते. सोलापुरात नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वर तिच्या दोन खोल्या आहेत. जिना इतका अरुंद, की वरच्या गोदामातून साड्यांचा गठ्ठा उतरत असला की विज्ञानाने खाली रस्त्यावर थांबायचं. त्या दोन खोल्यांत सूक्ष्मदर्शक, लोहचुंबक, भिंगं, हृदयाची प्रतिकृती, तराजू असा सगळा संसार. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, किंवा आहे पण तिच्यात मोडकी बाकं भरलेली आहेत, तिथल्या शिक्षकाने यायचं, चिठ्ठीवर सही करून हवी ती वस्तू न्यायची, मुलांना दाखवायची आणि परत आणायची. एकूण दोनशे बारा नग. प्रत्येकाच्या बुडाला पांढऱ्या रंगात नंबर. मानवी सांगाड्याला तसं बूड नसल्यामुळे त्याच्या टाचेवर.

ते नंबर यांनीच घातलेले. हे म्हणजे आमचे सचिव. शहरातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले, मूळचे मंगळवेढ्याकडचे. चाळीस वर्षं सोलापुरात काढूनही गावची बोली त्यांनी खाली ठेवली नव्हती. माझी त्यांची ओळख मी नोकरीला लागलो तेव्हाची. मी त्यांना म्हणालो होतो, "सर, एवढ्या वस्तू बाहेर देता. परत नाही आल्या तर?"

"कपाटात असली की वस्तू मेली," ते म्हणाले. "वापरात हाय तंवर जिती."

माणूस किती कामाचा होता ते एका प्रसंगावरून बघा. माढा तालुक्यातल्या एका शाळेतून एका तरुण बाईंचा फोन आला. बाई मराठीच्या, पण विज्ञानाचे सर बदलून गेले म्हणून मुख्याध्यापकांनी आठवीचं विज्ञान त्यांच्या गळ्यात घातलेलं. दुसऱ्या दिवशी तपासणी, आणि हायड्रोजनचा प्रयोग काही केल्या होईना. मी समोरच बसलो होतो. फोनमधून रडणं मलाही ऐकू येत होतं.

"बाई, आदी रडून घ्या," हे म्हणाले. "मी धरतो फोन."

आणि खरोखरच फोन कानाला धरून बसले. मिनिटभराने म्हणाले, "झालं? आता सांगा. जस्त टाकलं? ॲसिड पातळ केलं? बुडबुडे येतात का? येतात पण दमादमानं. व्हय. जस्त लई शुद्ध हाय तुमचं. गावात द्राक्षाची बाग कुणाची हाय? त्याच्याकडनं चिमूटभर मोरचूद आणा. पाण्यात विरघळवा, चार थेंब टाका, आन् बाजूला व्हा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. बाई ओरडत होत्या, "सर, फट्ट वाजलं! साहेब दचकले!"

"तुमी दचकला का?"

"हो!"

"मग झाला तुमी विज्ञानाच्या बाई."

असे फोन दिवसाला सात-आठ. कुणाचा लिटमस लाल होत नाही, कुणाच्या बेडकाच्या प्रतिकृतीचं यकृत हरवलंय, कुणाला प्रदर्शनासाठी 'काहीतरी हलणारं' पाहिजे. हे प्रत्येकाला उत्तर द्यायचे. आणि प्रत्येक फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून एकच वाक्य म्हणायचे, "चार्ज दिला की सुटलो बघा."

कारण त्यांना सुटायचं होतं, आणि ते कुठे जायला ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मंगळवेढ्याजवळ आपल्या रानात दोन खोल्या बांधल्या. वहिनींनी सोलापूरचं बिऱ्हाड बांधलं, टेम्पो बोलावला. हे म्हणाले, "तू हो पुढं. मी चार्ज देतो आन् आलोच." वहिनी पुढे झाल्या. असं चार वर्षं चाललं. हे नवी पेठेच्या मागे एका खोलीत भाड्याने राहायचे, खानावळीत जेवायचे, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने रानात जायचे आणि सोमवारी सकाळी दहाला जिना चढून हजर.

तुम्ही म्हणाल, मग सोडून जायचं. एवढं काय त्यात? त्यात आमच्या संघटनेची घटना आडवी येत होती. फार पूर्वी आमच्या एका सचिवाने चार्ज देताना एकच तराजू तीन कपाटांतून तीनदा दाखवला आणि तीन तराजूंची नोंद पुरी केली. ते उघडकीला आल्यावर आमच्या विद्वानांनी बसून एक कलम केलं. सगळे नग एकाच दिवशी, एकाच जागी, एकेक करून नव्या सचिवाला दाखवायचे. दोघांच्या सह्या होईपर्यंत जुना सचिव हाच सचिव. कलम कसं चोख आहे बघा! फक्त ज्या संघटनेचं कामच वस्तू बाहेर देणं, तिच्या सगळ्या वस्तू एका दिवशी घरात कशा असणार, हा विचार एकाही विज्ञान शिक्षकाच्या डोक्यात आला नाही.

ते कलम मोडायचं, हे यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. पहिल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी गावोगावी फोन करून, स्वतः एसटीने फिरून, दोनशे बाराच्या दोनशे बारा वस्तू गोळा केल्या होत्या. त्या वेळी एक सज्जन चार्ज घ्यायला तयारही होते. सकाळी अकराची वेळ ठरली. साडेदहाला अक्कलकोटच्या पुढच्या एका गावचे शिक्षक जिना चढून आले. उन्हाळी शिबिर चाललंय, परिदर्शी आणि लोहचुंबक पाहिजेत. मी म्हणालो, "सर, अर्धा तास थांबवा यांना!"

"त्यांची गाडी पावणेअकराला हाय," हे म्हणाले. "पोरं बसलीत तितं."

दिले. अकरा वाजता सज्जन आले, आठ नग कमी निघाले, आणि ते मोठ्या आनंदाने घरी गेले. पुन्हा काही ते तयार झाले नाहीत.

त्यानंतर दर वार्षिक सभेत एक प्रवेश ठरलेला. हे उठायचे, खिशातून घडी घातलेला राजीनामा काढायचे. अध्यक्ष विचारायचे, "नवीन नाव?" सभागृहात सगळे पंख्याकडे बघायचे. मग मी उठायचो. माझा तो आवडता क्षण. खाकरून घ्यायचो, हात पसरायचो आणि म्हणायचो, "मित्रहो, सचिवांना सोडणं म्हणजे पृथ्वीने गुरुत्वाकर्षणाचा राजीनामा मंजूर करणं!" टाळ्या. हशा. हे पुन्हा सचिव. हेही हसायचे, कागदाची घडी परत खिशात घालायचे, आणि आम्ही सगळे जेवायला बसायचो. श्रीखंड चांगलं असायचं.

तिसऱ्या वर्षी अध्यक्षांनी माझी जिरवली. माझं गुरुत्वाकर्षण संपताच ते म्हणाले, "एवढं सुंदर बोलता, तुम्हीच का होत नाही?" आणि त्या पंख्याकडे बघणाऱ्या लोकांनी, माझ्या त्या जिवलग मित्रांनी, एकमताने हात वर केले. मी उभाच होतो. बसायलाही सुचेना.

यांचा चेहरा मात्र मी पाहिला. तो इतका उजळला, की मी मान खाली घातली.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती ऐकून तुम्ही मला शिव्या दिल्यात तरी चालेल. नग नंबर सत्तेचाळीस. काचेची हंडी, तिच्यात विजेची घंटा, खाली हवा काढायचा पंप. घंटा चालू करायची, हंडीतली हवा काढत जायची. आवाज कमी कमी होत बंद पडतो. घंटेची हातोडी आपटताना दिसते, ऐकू काही येत नाही. वर्गात त्या क्षणी साठ पोरांचे साठ आ वासलेले असतात. माझ्यासारख्या नाटकी माणसाला याहून मोठं काय पाहिजे? ती हंडी मी त्या सभेच्या दोन वर्षं आधी आठ दिवसांसाठी नेली होती. ती माझ्या शाळेच्या कपाटात होती. सुरुवातीला निव्वळ आळसाने. पण सभेतून घरी आलो त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की ती हंडी माझ्या कपाटात आहे तोवर दोनशे बारा काही पुरे होत नाहीत.

मी ती आणली नाही.

चिठ्ठी त्यांच्याकडे होती, माझ्या सहीची. आठवड्यातून एकदा ते अगदी हळू विचारायचे, "सर, हंडी?"

"आणतो की! पुढच्या सोमवारी नक्की."

"वापरात हाय न्हवं?"

"रोज!" मी म्हणायचो. वर्षातून एकदा वापरत होतो.

मे महिना आला. यांनी पुन्हा गावं पालथी घातली, एकेक वस्तू गोळा केली, पुसली, दोन्ही खोल्यांत जमिनीवर रांगेने मांडली. अध्यक्ष आले, कार्यकारिणीचे पाच-सहा जण आले. यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खोलीच्या दाराशी त्यांची कापडी पिशवी आणि एक वळकटी होती. मी ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं.

मोजणीचं मी नाटक केलं. प्रत्येक वस्तू उचलायची, बूड बघायचं, गंभीर आवाजात नंबर पुकारायचा. सांगाड्याच्या टाचेला हात लावून मी नमस्कार केला तेव्हा अध्यक्ष डोळे पुसेपर्यंत हसले. दोनशे अकरा झाले. मी कंबरेवर हात ठेवले आणि सगळ्यांसमोर, तोंडावरची रेषही न हलवता विचारलं, "सत्तेचाळीस नंबर कुठे आहे, सचिव?"

चिठ्ठी त्यांच्या हातातल्या रजिस्टरात होती. पान उघडलेलंच होतं. त्यांनी नुसतं वाचून दाखवलं असतं तर माझं तोंड तिथेच काळं झालं असतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रजिस्टर मिटलं.

"वापरात हाय," ते म्हणाले.

"मग नियम म्हणजे नियम!" मी ओरडलो. सगळे हसले. कुणीतरी भजी मागवली. यांनीही दोन खाल्ली. मग वळकटी उचलून ते आपल्या खोलीवर ठेवायला गेले.

पुढे जानेवारीत त्यांनी मला रानात हुरड्याला बोलावलं. जायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण नाही म्हणायला कारण सापडेना. रान सुरेख होतं. ज्वारी डोक्याइतकी, दोन खोल्यांना पांढरा रंग, दाराशी शेवगा. हे आगटीशी कणसं भाजत बसले आणि मी ओसरीवर वहिनींशी बोलत. वहिनी कमी बोलतात, पण बोलल्या की झोंबतं.

"भावजी, तुमच्या संघटनेत मानसाला नंबर घालता का हो?"

"नाही वहिनी, असं कसं?"

"न्हाय, यांच्या तळपायाला एकदा बघावं म्हनते. दोनशे तेरावा निघंल."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दाणे पाखडता पाखडता म्हणाल्या, "बोअर मी मारून घेतली. कुंपन मी घातलं. पायाला काटा मोडला तर काडायला शेजारच्या रानातनं बाई बोलावते. हे शनवारी येत्यात आन् सोमवारी जात्यात. गावातली लोकं इचारत्यात, पावनं आलं का म्हनून."

"आता होईल लवकर," मी म्हणालो.

"एक कसली हंडी ऱ्हायलीया म्हनं. मी म्हटलं, हरवली म्हना की. तर न्हाय म्हनत्यात. एका मास्तराकडं हाय, लई चांगला शिकवतो, पोरं खुश असत्यात, म्हनून काडून घ्यायला जीव होत न्हाय." सूप थांबलं. "कोन हाय हो तो? नाव सांगत न्हाईत."

आगटीपासून यांची हाक आली, "सर, या की! कणीस गरम हाय तंवर खाऊन घ्या."

मी गेलो. त्यांनी कणीस तळहातावर चोळून कोवळे दाणे माझ्या ओंजळीत टाकले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ती हंडी कपाटातून काढली, रिक्षात मांडीवर घेऊन बसलो आणि नवी पेठेच्या गर्दीतून, खड्ड्याखड्ड्याला तिला छातीशी धरत, जिन्यापर्यंत आणली. वरून साड्यांचा गठ्ठा उतरत होता. मी त्याच्यावर ओरडलो. गठ्ठा परत वर गेला.

हे टेबलाशी बसून कुणालातरी फोनवर बॅटरीचं धन टोक कुठलं ते सांगत होते. मी हंडी समोर ठेवली. त्यांनी फोन संपवला, हंडी उचलली, बूड बघितलं.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले.

"रजिस्टर काढा सर. मी सही करतो."

"आता कशी? चाळीस नग बाहेर हायत. मेमधी बघू."

"मेमध्ये पुन्हा कुणीतरी पावणेअकराच्या गाडीने येईल." मी रजिस्टर ओढून घेतलं. चाळीसच्या चाळीस ओळींपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, मी स्वतःच्या अक्षरात 'वापरात' असं लिहीत गेलो. दर ओळीला ते म्हणायचे, "सर, घटनेत बसनार न्हाय." शेवटच्या ओळीनंतर मी सही केली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"अध्यक्ष विचारतील," ते म्हणाले.

"ते आता नव्या सचिवाला विचारतील."

त्यांनी सही केली नाही. उठून खिडकीशी गेले. खाली रिक्षांची भांडणं चालली होती. तिकडे बघत ते पाठमोरेच म्हणाले, "सर, तुमाला जमंल न्हवं? फोन लई येत्यात."

"येऊ देत."

"रडत असल्या बाई, तर मधी बोलायचं न्हाय."

"नाही बोलणार."

मग ते आले आणि सही केली. तारखेवर शाईचा डाग पडला. मी रिक्षाने त्यांना एसटी स्टँडवर सोडलं.

आता नवी पेठेत मी बसतो. सकाळी शाळा, दुपारनंतर जिना. बायको म्हणते, घरी पाहुण्यासारखे येता. सभेत मी राजीनामा काढला तर पंख्याकडे बघायला सगळे सज्ज आहेत, आणि माझ्यासारखं भाषण ठोकणारा एक नवीन मुलगाही तयार झाला आहे. चांगलं बोलतो, कार्टं.

एप्रिलमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांची डबी सापडेना. तीन शाळा अडल्या होत्या. यांचा फोन बंद. शेवटी मी मंगळवेढ्याची गाडी धरली आणि भर दुपारी रानात पोचलो. ज्वारी निघालेली, कडब्याच्या गंजी लागलेल्या. कडुनिंबाखाली बाजेवर हे झोपले होते. तोंड उघडं, एक हात खाली लोंबत, चष्मा उशाला.

वहिनी ओसरीवरून उतरून आल्या. आवाज खाली ठेवून म्हणाल्या, "दोन-दोन तास झोपत्यात दुपारचं. लग्न झाल्यापासनं पयल्यांदा बगतिया." मग माझ्याकडे नीट बघितलं. "न्यायला आलाय का?"

"नाही नाही वहिनी! सहज आलो होतो."

"उठवू?"

डबी माझ्या जिभेवर होती. तेवढ्यात खिशात माझा फोन वाजला, नको तितक्या मोठ्याने. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. मी दोन्ही हातांनी फोन पोटाशी दाबला आणि पळत सुटलो. ज्वारीच्या धसकटांतून, पँट फाटेल याची पर्वा न करता, पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला एक विज्ञान शिक्षक भर उन्हात धावत होता, आणि पोटातून घंटा वाजत होती. बांधापलीकडे पोचलो तेव्हा कुठे वळून पाहिलं.

वहिनी बाजेशी उभ्या होत्या, पदराने माशा वारत. त्यांनी मला हाताने खूण केली, जा, जा.

बाजेवर यांनी फक्त कूस बदलली होती.